पाइपचा चारआईना: प्लास्टिकचे चिलखत चिकटवायचे कसे आणि अंगावर बसवायचे कसे

मिरवणूक १९ फेब्रुवारीची असो की फाल्गुन वद्य तृतीयेची, खान्देशात गावोगावी मावळ्यांच्या वेशातली पोरं रस्त्यावर उतरतात. अंगरखा शिवून मिळतो, मुंडासे बांधून देणारे कोणी ना कोणी घरातच असते, ढाल-तलवार भाड्याने येते. अडते ते चिलखतापाशी. भाड्याचे चिलखत बहुतेक वेळा सोनेरी कागद डकवलेला पुठ्ठा असतो. घामाने तो दुपारपर्यंत मऊ पडतो आणि लेझीम सुरू झाली की काखेपाशी फाटतो.

त्यासाठी लागणारा माल आपल्या शिवारात पडलेला असतो: पीव्हीसीचा पाइप. जळगावचे नाव पाइप, ठिबक आणि प्लास्टिकच्या चटयांशी जोडलेले आहे. बोअरवेलच्या किंवा पाइपलाइनच्या कामातून उरलेले हात-दोन हात तुकडे जवळजवळ प्रत्येक खळ्यात सापडतात. हाच पाइप तापवून सपाट केला की मजबूत पत्रा होतो. पत्रा करणे सोपे आहे. जोडणे आणि बसवणे हे खरे काम, म्हणून या लेखातली बरीचशी जागा मी त्यालाच दिली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. चिलखतात जोड दोन प्रकारचे असतात. पत्र्याला पत्रा जोडायचा तिथे चिकटद्रव्य चालते. शरीर जिथे वाकते, वळते, फुगते तिथे पट्टा, बंद किंवा बकलच हवे. खांदा, कूस, कोपर या जागी दोन तुकडे चिकटवून टाकले, तर एक तर जोड सुटतो किंवा घालणाऱ्याला हात वर करता येत नाही. जुना खरा चारआईनाही असाच असे. छातीचा, पाठीचा आणि दोन कुशींचे असे चार लोखंडी पत्रे चामडी पट्ट्यांनी किंवा बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडलेले असत आणि तो बहुधा कड्यांच्या चिलखतावर घातला जाई. आपण हीच रचना उचलायची. मनगटापासून कोपरापर्यंतचे दोन दस्ताने जोडीला केले की वेश उठून दिसतो.

आधी प्लास्टिक ओळखा

चिकटवण्यात फसगत होते ती बहुतेक इथेच. सगळे प्लास्टिक एका गोंदाने चिकटत नाही, आणि काही प्लास्टिक घरगुती गोंदाने चिकटतच नाही.

वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ३ म्हणजे पीव्हीसी. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन: ड्रम, कॅन, ठिबकची नळी. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन: बादल्या, डबे, आपल्या जळगावच्या चटया. २, ४ आणि ५ या तिन्हींवर गोंद धरत नाही. वाळल्यावर नखाने अख्खा पापुद्रा निघून येतो. आकडा नसेल तर छोटा तुकडा पाण्यात टाका. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पीव्हीसी आणि एबीएस (हेल्मेटच्या कवचाचे कडक प्लास्टिक) बुडतात. तुकडा जाळून वास घेण्याचा सल्ला काही जण देतात, तो अजिबात मानू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो आणि तो घशाला व फुप्फुसाला इजा करतो.

म्हणून मुख्य पत्रे पीव्हीसीचे करा. ठिबकची १२ मिमीची नळी उभी चिरून कडेला बसवली की सुंदर गोल किनार मिळते. मात्र ती पॉलिथिनची असल्याने कडेला बारीक भोके पाडून दोऱ्याने शिवावी लागते. जाहिरातीचे बोर्ड बनवणाऱ्यांकडे मिळणारा सनबोर्ड हा बहुधा फेसाळ पीव्हीसीच असतो. तो हलका असतो, लहान मुलांच्या चिलखताला बरा. पण त्याला पाइपचे सोल्युशन (पाइप जोडायचे चिकटद्रव्य) फार पातळ लावावे, जास्त झाले तर तो आतून विरघळून खड्डा पडतो. थर्माकोलला तर ते लागूच देऊ नका.

पाइपचा पत्रा

किती रुंदीचा पत्रा मिळेल ते पाइपच्या बाहेरच्या व्यासावरून कळते. ६३ मिमीच्या पाइपमधून साधारण २० सेंमी, ७५ मधून २३, ९० मधून २८, ११० मधून ३४ आणि १४० मधून ४४ सेंमी रुंद पत्रा निघतो. मोठ्या माणसाच्या छातीला ११० चा पाइप पुरतो, कुशीला ६३ किंवा ७५ चा. चार किलो दाबाचा पाइप घ्या. सहा किलोचा जाड असतो, वजन वाढते आणि आकार द्यायला त्रास होतो.

पाइपवर उभी सरळ रेघ मारून हॅक्सॉने चिरा. पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ होते, त्यामुळे लहान तुकड्यांना मोठ्या पातेल्यातले उकळते पाणी पुरते. ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. मोठ्या तुकड्यांना हीट गन लागते. ती एका जागी धरायची नाही, सतत फिरवत राहायची. पत्रा तपकिरी पडू लागला किंवा झोंबणारा वास आला, तर लगेच थांबा आणि बाजूला व्हा. हे काम अंगणातच करायचे, हातात जाड मोजे घालून. मऊ झालेला पाइप उलगडून दोन प्लायवूडच्या मध्ये ठेवा, वर विटा रचा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका.

पाइपला आपला गोल आकार आठवत असतो. पुन्हा तापला की तो परत वळू लागतो. म्हणून सगळे तापवण्याचे आणि वाकवण्याचे काम चिकटवण्याच्या आधी संपवा. जोड झाल्यावर हीट गन लावली की जोडाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या ओढ घेतात आणि जोड उकलतो.

फर्मा अंगावर, पत्रा नंतर

मापे उघड्या अंगावर घेऊ नका. त्या दिवशी जो अंगरखा, जो शेला असेल तो घालायला लावून मापे घ्या. मग जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे किंवा खोक्याच्या पुठ्ठ्याचे चार फर्मे कापून मास्किंग टेपने अंगावर लावा.

आता घालणाऱ्याला हालचाल करायला लावा. दोन्ही हात वर, हात छातीवर आडवे, खाली वाकून पायाला हात, खुर्चीवर बसणे, घोड्यावर बसणार असेल तर बाकावर दोन्हीकडे पाय टाकून बसणे. आमच्याकडे पोरगं लगेच सांगतं, “आठे टोचस!” तिथे पेनने खूण करा आणि तेवढा फर्मा कापा. बहुधा तीन ठिकाणी कापावे लागते: छातीच्या पत्र्याचे काखेकडचे दोन वरचे कोपरे, कुशीच्या पत्र्याची वरची कड आणि छातीच्या पत्र्याची खालची कड. कुशीच्या पत्र्याला वरून अर्धगोल खाच हवीच. तिच्यामुळे दंड खाली येतो तेव्हा कड दंडात घुसत नाही. छातीचा पत्रा गळ्याच्या खळग्याखाली तीन बोटे सुरू व्हावा. बसल्यावर त्याची खालची कड मांडीला लागली, तर अख्खा पत्रा वर सरकून हनुवटीला भिडतो.

चार पत्रे एकमेकांना भिडवू नका. छाती आणि कूस यांच्यात दोन-अडीच बोटांची फट ठेवा. दीर्घ श्वास घेतल्यावर छातीचा घेर काही सेंटिमीटर वाढतो, आणि घोषणा देणारा माणूस तर सतत पूर्ण श्वास घेत असतो. ही फट बाहेरून पट्ट्याने झाकली जाते, दिसत नाही.

फर्मे पसंत पडले की त्यावरून पत्र्यावर आखून कापा. कापण्याला पत्र्याची कात्री किंवा हॅक्सॉचे पाते चालते. थंडीच्या सकाळी पीव्हीसी ठिसूळ असते, कात्रीने कड तडकते. पत्रा आधी कोमट पाण्यात बुडवून घ्या. कडा कानसने गोल करा आणि पॉलिश पेपर ओला करून घासा, म्हणजे भुकटी उडत नाही.

चिकटवणे

पीव्हीसीला पीव्हीसी जोडायला पाइपचे सोल्युशन सर्वांत उत्तम. हार्डवेअरच्या दुकानात मागताना साध्या पीव्हीसी पाइपचे मागा, गरम पाण्याच्या सीपीव्हीसीचे वेगळे असते. हे सोल्युशन गोंदासारखे मध्ये थर धरून बसत नाही. दोन्ही पत्र्यांचा वरचा थर ते विरघळवते, थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की तिथे एकसंध प्लास्टिक उरते. म्हणूनच ते रंगावर, धुळीवर किंवा दुसऱ्या प्लास्टिकवर चालत नाही, आणि म्हणूनच रंग नेहमी शेवटी.

क्रम असा ठेवा. दोन्ही पृष्ठभाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्यांची चकाकी घालवा. कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा. घासल्यानंतर बोट लावू नका, घामाचा तेलकटपणा जोड कमकुवत करतो. एकदा कोरडेच तुकडे जुळवून पेन्सिलीने खुणा करा, कारण सोल्युशन लावल्यावर विचार करायला वेळ नसतो. मग दोन्ही बाजूंना पातळ हात मारा, लगेच जुळवा, किंचित सरकवून खुणेवर आणा आणि मिनिटभर घट्ट दाबून धरा. कपड्यांचे चिमटे, सी क्लॅम्प, नाहीतर विटेखाली प्लायवूड, जे मिळेल त्याने दाब कायम ठेवा. हाताने उचलण्याजोगा जोड लवकर होतो, पण ताण देण्याआधी २४ तास जाऊ द्या. रुंद पत्र्याच्या मधला द्रावक बाहेर पडायला वेळ घेतो.

आपल्या हवेचा विचार इथे करावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. अशा दुपारी सोल्युशन जुळवण्याआधीच वाळते आणि जोड वरवर धरतो. उन्हाळी शिबिरातल्या नाटकासाठी काम करत असाल, तर सकाळी लवकर, सावलीत, एका वेळी वीतभरच जोड घ्या. पावसाळ्यात उलटा प्रकार होतो: द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि जोड पांढरट, कच्चा राहतो. तेव्हा भुरभुर थांबल्यावर कोरड्या हवेत काम करा. सोल्युशनची वाफ पेट घेते, म्हणून जवळ चूल, गॅस, विडी-सिगारेट काही नको. बंद खोलीत डोके दुखते, गरगरते. मुलांना फर्मे कापायला द्या, रंगवायला द्या, सोल्युशन मात्र मोठ्यांच्याच हातात असू द्या.

दोन पत्रे एका रेषेत जोडायचे असतील, उदाहरणार्थ पाठीसाठी दोन अरुंद तुकडे, तर नुसते टोकाला टोक लावून चालत नाही. पत्र्याची जाडी दोन-तीन मिलिमीटर, तेवढ्या कडेवर जोड धरणार किती? आतून त्याच पाइपची ४ सेंमी रुंद पट्टी पूर्ण लांबीला चिकटवा, दोन्ही पत्र्यांवर दोन-दोन सेंमी येईल अशी. पट्टीला आधीच पत्र्याइतका बाक द्या. सपाट पट्टी बाक असलेल्या पत्र्यावर दाबून चिकटवली तर ती आयुष्यभर सुटायला धडपडते. बाहेरची बारीक फट एम-सीलने भरून, ते कडक झाल्यावर घासून एकसारखी करा.

जोडावर ताण कोणत्या दिशेने येतो हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. पत्र्याच्या पृष्ठभागावरून सरकवणारी ओढ चांगला जोड सहज सोसतो. पण एका कडेने उचलून सोलणारी ओढ आली, तर तोच जोड केळीच्या सालासारखा निघतो. म्हणून पट्टा बांधायची कडी अशी बसवा की पट्टा पत्र्याला समांतर ओढेल. जिथे सोलणारी ओढ टळतच नाही, तिथे चिकटवल्यावर दोन्ही टोकांना एकेक पॉप रिव्हेट मारा.

बाकी चिकटद्रव्यांची जागा थोडक्यात सांगतो. फेविक्विक पटकन धरते पण काचेसारखे कडक होते, वाकवले की तडकते. मधले फूल किंवा नक्षी जागेवर टेकवण्यापुरते ते वापरा. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडचा बी-७००० हा गोंद वाळल्यावरही लवचिक राहतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात तो मिळतो. टिकल्या, पितळी बटणे, नक्षीचे तुकडे यांना तो सर्वांत चांगला, फक्त दिवस-दीड दिवस वाळू द्यावा. पत्र्याच्या आत फोमचे अस्तर लावायला चपला-बूट दुरुस्त करणारे वापरतात ते रबरी चिकटद्रव्य घ्या. दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटे थांबा, बोटाला ओढ लागेनाशी झाली की एकदाच जोरात दाबा. त्यानंतर सरकवता येत नाही. अराल्डाइट धातूची कडी प्लास्टिकला बसवताना कामी येते, पण त्याआधी दोन्ही पृष्ठभाग चांगले खरबरीत करा.

मोटारसायकलच्या जुन्या हेल्मेटचे कवच किंवा एबीएसचा पत्रा हाताशी असेल, तर त्याला अॅसिटोन चालते. एबीएसचेच बारीक तुकडे अॅसिटोनमध्ये भिजवून लापशीइतके दाट केले की जोडही होतो आणि फटही भरते. असे हेल्मेट मग शिरस्त्राणच राहू द्या. ते घालून गाडीवर बसायचे नाही.

पट्टे आणि बंद

अंगावर चिलखत धरून ठेवणारी गोष्ट हीच, आणि घाई बहुधा इथेच होते.

बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे २५ मिमीची निवार पट्टी आणि प्लास्टिकचे बकल मिळतात. निवार बहुतेक नायलॉनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची असते, त्यामुळे ती पीव्हीसीला सोल्युशनने चिकटणार नाही. तिला धरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला: पत्र्यातच खाच पाडा. २८ मिमी अंतरावर दोन भोके पाडून त्यांच्या मधला भाग कापा. भोकांमुळे खाचेची टोके गोल राहतात आणि तिथून तडा जात नाही. खाच कडेपासून किमान दीड सेंमी आत हवी. दुसरा: आतून पाइपच्या पट्टीचा पूल करा, म्हणजे ९ सेंमी लांब पट्टी मधोमध किंचित उचललेली, दोन्ही टोके तीन-तीन सेंमी चिकटलेली, आणि निवार त्याखालून ओवलेली. पूल बाहेरून दिसत नाही, छातीच्या पत्र्याला म्हणून मला तोच आवडतो. रिव्हेट मारताना मागे वायसर घालायला विसरू नका. तो नसेल तर रिव्हेटचे डोके मऊ प्लास्टिकमधून आरपार निघते.

खांद्यावरचे दोन पट्टे सगळे वजन पेलतात. ते रुंद ठेवा, खाली फोमची पट्टी द्या आणि पाठीच्या बाजूने कायमचे पक्के करा. पुढच्या बाजूला बकल असू द्या, म्हणजे घालणाऱ्याला स्वतःलाच लांबी कमी-जास्त करता येते. पट्टे सरळ खांद्यावरून नेले तर हात वर केल्यावर बाहेर घसरतात. पाठीवर ते एकमेकांकडे थोडे झुकवून, इंग्रजी व्ही अक्षरासारखे बसवा. घसरणे थांबते.

कुशीला इलॅस्टिक आणि निवार दोन्ही हवेत. छाती ते कूस हा जोड रुंद इलॅस्टिकचा, म्हणजे श्वासाबरोबर ताणला जाईल. कूस ते पाठ हा जोड एका बाजूला निवारीचा पक्का आणि दुसऱ्या बाजूला उघडणारा. चिलखत अंगात घालायचे ते या उघड्या बाजूने, जाकिटासारखे. लहान मुलांच्या चिलखताला या बाजूला आणि पुढे खांद्यावर बकलऐवजी वेल्क्रोच लावा. गर्दीत मुलाला गुदमरल्यासारखे झाले, उन्हाने चक्कर आली, तर कोणीही मोठे माणूस दोन झटक्यांत ते काढू शकले पाहिजे. गळ्याभोवती बंद होणारा एकही पट्टा ठेवू नका.

दस्तान्याला ९० मिमीचा पाइप घ्या. मनगटाकडे निमुळता होण्यासाठी पत्र्याची पट्टी तिरकी कापून पुन्हा तापवा, पाणी भरलेल्या बाटलीवर जाड फडके गुंडाळून त्यावर वळवा. आतल्या बाजूला दोन बोटे फट ठेवून आयलेट लावा आणि नाडीने बांधा. टिचबटणे दिसायला छान, पण तलवारबाजीत उघडतात. कोपर पूर्ण दुमडल्यावर दस्तान्याची वरची कड दंडाला लागत असेल, तर आतल्या बाजूने चंद्रकोरीएवढा भाग कापा.

रंगाआधीची तालीम आणि रंग

सगळे जोडून झाल्यावर, रंग लावण्याआधी, घालणाऱ्याला पूर्ण पोशाखात निदान अर्धा तास वावरू द्या. लेझीम खेळणार असेल तर खेळू द्या. नंतर अंगरखा काढून त्वचा पाहा. लाल वळ असेल तिथे कड घासा किंवा अस्तर जाड करा. पट्ट्यांवर पेनने खूण करून ठेवा, म्हणजे त्या दिवशी घाईत माप शोधावे लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हलची नळी उभी चिरून काखेच्या कडेला चढवली, की टोचणे जवळजवळ संपते.

रंगासाठी ओल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, प्राइमरचा एक पातळ हात, मग स्प्रेचे दोन-तीन पातळ हात. लोखंडाचा भास हवा असेल तर आधी काळा, त्यावर चंदेरी, आणि खाचांत बोटाने थोडा काळपट तपकिरी. पट्ट्यांवर, वेल्क्रोवर आणि इलॅस्टिकवर मास्किंग टेप लावायला विसरू नका. रंग बसलेले इलॅस्टिक ताणत नाही.

चिलखत उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका. तिथे पाइपचा पत्रा पुन्हा वळायला लागतो. थ्रीडी प्रिंटची नक्षी लावली असेल तर ती आणखी लवकर बिघडते, कारण त्यासाठी नेहमी वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांनाच मऊ होते. पत्रे सुटे करून, मध्ये जुने कापड घालून, घरातल्या थंड खोलीत उशीवर पालथे ठेवा.

मिरवणुकीच्या दिवशी सोबत एक लहान पिशवी असू द्या: हातभर निवार, एक जादा बकल, चार-पाच सेफ्टी पिन, कापडी टेप, सुई-दोरा, कात्री आणि पाण्याची बाटली. त्या दिवशी चिकटवायला वेळही नसतो आणि धूळ-घामात काही चिकटतही नाही. सुटलेला पूल निवारीने बांधून घ्या, तडकलेल्या पत्र्याला आतून टेप लावा. घरी आल्यावर मात्र टेपचा चिकटा रॉकेलने पुसून, ती जागा खरबरीत करून, सोल्युशनने नीट पट्टी लावा. पुढच्या वर्षी तेच चिलखत धाकट्या भावाला द्यायचे असेल, तर पट्टे उलगडून धुवा, खांद्याचा पट्टा चार बोटे आत घ्या आणि छातीचा फर्मा जपून ठेवा.